कागद वापस द्या

२०२५ च्या चैत्रात एका संध्याकाळी पुतण्याचा पोरगा मोबाईल घेऊन ओट्यावर आला. अग्निवीरचा फॉर्म भरायचा होता. बारावीला चौसष्ट टक्के, अंगानं काटक, रोज पहाटे चारला उठून सेलूच्या रस्त्यावर पळतो. म्हणाला, "आबा, यंदापासून दोन कामं मागता येतात. कोणती दोन टाकू?"

"तुला काय पाहिजे?"

"काय बी चालंल. नंबर लागला म्हंजे बास."

मी गप्प बसलो. हे शब्द मी स्वतः एकदा बोललो होतो. १९७९ साली, भरतीच्या टेबलासमोर उभं राहून. त्याचं पुढं काय झालं ते गावात एका माणसाशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी पोराला म्हणलं, "फॉर्म आज भरू नको. उद्या आपण सुभेदाराकडं जाऊ."

त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हा जे आठवलं ते आता लिहून काढतो. माझं शिक्षण दहावी. पण ह्या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे, त्याचं कारण वाचणाऱ्याला पुढं कळेलच.

फौज म्हणलं की लोक सातारा-कोल्हापूरचं नाव घेतात. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाला तर अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. मराठवाड्याचं नाव कुणी घेत नाही. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इंग्रजांची भरती तिकडं, घाटावर आणि कोकणात. आमच्या म्हाताऱ्यांनी वर्दी पाहिली ती निजामाच्या पोलिसाची, नाहीतर रझाकाराची. त्यामुळं पलटण म्हणलं की आमचे वडील तोंड फिरवायचे. "त्यो धंदा आपला न्हाई," म्हणायचे.

पण इतिहास असा सरळ नसतो. आमच्या हिंगोलीला इंग्रजी काळात मोठी छावणी होती. हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी ती परभणी जिल्ह्यातच. तिथं कंटिंजंट नावाची फौज राहायची. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज साहेबाचा. ह्या फौजेचा पैसा थकला म्हणून १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. १९०३ मध्ये ती फौज हिंदी लष्करात मिसळून टाकली.

ह्या कंटिंजंटच्या रिसाल्यात शिलेदारीची रीत होती. शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द आपण शाळेत शिकतो. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला यायचा. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचा, सरकारच्या नाहीतर एखाद्या सरदाराच्या. शाळेत एवढंच सांगतात. त्यातला व्यवहार मात्र शेतकऱ्याच्या लवकर ध्यानात येतो. ज्याचं घोडं त्याला बोलायला जागा. मान राहिला नाही, पगार पटला नाही, तर शिलेदार घोड्यावर मांड टाकून दुसरीकडं जाऊ शकत होता. बारगीर कशावर बसून जाणार? बैलबारदाना ज्याचा त्याचं रान वेळेवर पेरलं जातं, आणि ज्याला बैल उसने आणावे लागतात तो लोकांच्या सवडीनं पेरतो, तसंच हे.

मी ज्या दिवसाची गोष्ट सांगतोय त्या दिवशी आम्ही दोघं होतो. माझ्याकडं घोडं होतं. म्हणजे घरी वीस एकर रान, दोन बैलजोड्या, पाटलाच्या आळीत माळवदाचं घर. माझ्या दोस्ताकडं काही नव्हतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, तो नको म्हणाला. गाव त्याला आता सुभेदार म्हणतं, मीही इथं तसंच म्हणतो.

तो वस्तीवरचा. बौद्ध समाजाचा. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, आणि गणितात मी त्याचीच वही पाहून लिहिली. दहावीला त्याला अठ्ठावन्न टक्के पडले, मला त्रेचाळीस. १९७२ च्या दुष्काळात त्याची माय आणि माझी चुलती एकाच तलावाच्या कामावर माती उचलायला होत्या. सुकडी आम्ही पोरं एकाच ताटलीत खायचो. पोट रिकामं असलं की माणूस आळी विचारत नाही. पोट भरलं की पुन्हा विचारायला लागतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी, नांदेड जिल्ह्यांत घरं जळाली, माणसं मेली. आमच्या गावात आग लागली नाही. पण वस्तीवरच्या लोकांना रानात काम द्यायचं बंद झालं, दुकानातून मीठ-तेल द्यायचं बंद झालं. तीन आठवडे. हे ज्या बैठकीत ठरलं तिथं आमचे वडीलही होते. त्या तीन आठवड्यांत मी दोस्ताच्या घरी एकदाही गेलो नाही. कुणी मला अडवलं नव्हतं. मीच गेलो नाही.

जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत तोच माझ्याकडं आला. आमच्या बांधावर उभा राहून म्हणाला, "भरती निघालीय. येतूस का?" जणू मधे काही झालंच नव्हतं. मी घरी सांगितलं की सेलूच्या बाजाराला जातो, आणि आम्ही सेलूच्या टेसनावर मीटरगेजच्या गाडीत बसलो. गाडी रात्रभर रखडत होती. कुठल्या गावी भरती होती ते लिहीत नाही. त्या टेबलामागच्या माणसांचं नाव काढून आता काही मिळणार नाही.

त्या रात्री गाडीत त्यानं मला त्याच्या मामाआजोबाची गोष्ट सांगितली. त्याच्या आईचा मामा नगरकडचा. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होता. दिवाळीला खाकी ओव्हरकोट घालून यायचा आणि पोरांना जवळ बसवून एकच गोष्ट सांगायचा: आपल्याला ही बंदूक फुकट मिळालेली नाही. मला तेव्हा अर्धं कळलं, अर्धं नाही. पुढं पुस्तकं मिळतील तशी वाचून मी तारखा लावल्या. त्या अशा.

कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत सुरुवातीपासून महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यातली कितीतरी 'नाक' ह्या शेवटाची आहेत. पलटणीत गेलं की पगार होता, आणि शिपायाच्या पोरांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ पलटणीतले सुभेदार, पलटणीच्या शाळेत शिकवायचे. १८५७ नंतर साहेब लोकांनी हळूहळू एक नवीन शास्त्र काढलं. काही जाती म्हणे लढाऊ आणि काही नाहीत. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या तीन-चार पिढ्या पलटणीत गेल्या त्यांना एका हुकुमानं सांगितलं, तुम्ही शिपाई नाही. नोकरीचं दार बंद झालं आणि त्याबरोबर शाळेचंही.

मग अर्ज सुरू झाले. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले, महाडजवळच्या रावढळचे. त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे पुण्याचे. त्यांनी १९०३ साली सासवडला एकावन्न गावच्या महारांची सभा भरवली आणि १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. मागणं काय? सरकारी नोकरीतल्या अगदी खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा आणि फौजेत शिपायाची जागा. मोठं काहीच नाही. पण ती जागा शिपायाची पाहिजे होती.

पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा तेच शास्त्र गुंडाळून ठेवलं. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ मध्ये मोडून टाकली. सालगड्याला सुगीत बोलवायचं आणि सुगी झाली की हिशेब करायचा, तशी रीत. पुढं १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये त्या रेजिमेंटला मशीनगनची रेजिमेंट केलं. नालायक म्हणून ज्यांना पन्नास वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांच्या हाती फौजेतलं नेमकं ते हत्यार आलं ज्याला डोकं आणि गणित लागतं. पुढं त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे जवान घेतले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख त्याच रेजिमेंटमधून आले.

भरतीवरून घासाघीस थोरामोठ्यांनीही केली आहे. १९१८ मध्ये गांधीजी गुजरातेत खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी गावोगाव माणसं मागत फिरत होते. टिळकांनी त्यांना ५०,००० रुपयांचा चेक पाठवला. हिंदी माणसाला फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळेल असं वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम बुडाली, असा पण लावला. गांधीजींनी चेक वापस केला. मदत करायची तर सौदा न करता, असं त्यांचं मत. दोघंही मोठी माणसं. मी कुणाला चूक म्हणणारा कोण? पण ज्याच्या पोराला बंदुकीपुढं उभं राहायचं आहे त्यानं आधी विचारून घ्यावं, हे टिळकांचं म्हणणं मला शेतकरी म्हणून पटतं. भाव ठरवल्याबिगर कापूस वखारीत टाकला तर पुढं काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

असो. आता त्या टेबलाकडं येतो.

सकाळी सहालाच मैदान भरलं होतं. पाच-सहाशे पोरं असतील. अंगावर चड्डी-बनियन, हातात कागदाची सुरळी, थंडीनं दात वाजतायत. बांबूला खूण केलेली, तिच्याखालून उंची. मग पळणं. तो पळण्यात तिसरा आला. मी मधल्या घोळक्यात, पण निघालो. मग छाती. पट्टी लावायची, श्वास भरायला लावायचा, पाच सेंटीमीटर फुगली पाहिजे. फुगली. हे मी मुद्दाम लिहितोय, फुगली.

दुपारी ज्यांचं सगळं जमलं त्यांची टेबलापुढं रांग. टेबलामागं एक सुभेदार, जवळ एक कारकून, मागं खुर्चीवर कॅप्टनसाहेब पेपर वाचत बसलेले. कागद आधीच जमा करून घेतले होते. दहावीची मूळ मार्कशीट, दाखला, सरपंचाचं पत्र. माझा नंबर आधी आला.

"क्या बनना है?"

घरून निघताना मी ठरवलं होतं, ड्रायव्हर म्हणायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रानात दोन महिने रोजानं होतो, तिथं ट्रॅक्टर चालवायला शिकलो होतो. पण त्या मिशांकडं पाहून घसा सुकला.

"कुछ बी चलेगा, साब."

त्यानं मान वर न करता लिहिलं, मेस वेटर. "मेडिकल के लिए उधर बैठो."

मी बाजूला जाऊन बसलो. मग सुभेदाराचा नंबर. म्हणजे आताच्या आमच्या सुभेदाराचा. त्याला काय बनायचंय ते विचारलंच नाही. दाखला पाहिला, त्यावरची जात पाहिली आणि लिहायला सुरुवात केली. "सफाईवाले की जगह है. किस्मतवाला है, आज ही हो जाएगा."

तो जागेवरून हलला नाही. त्याची हिंदी माझ्याहून बरी नव्हती. पण तो सावकाश, एकेक शब्द मोजून बोलला. "साब, मैं दसवीं पास है. दौड में तीसरा आया. सिपाही की जगह है तो भरती करो. नहीं तो मेरा कागद वापस दो."

रांग चिडीचूप झाली. टेबलामागचा माणूस हसला. म्हणाला, नोकरी नोकरी असते, पगार सगळ्यांना मिळतो, पेन्शन सगळ्यांना मिळते, बाहेर पाचशे पोरं उभी आहेत. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. म्हणून तर ते ऐकून माणूस वाकतो.

"मालूम है साब. कागद वापस दो."

कॅप्टनसाहेबांनी पेपर खाली केला. मार्कशीट मागून घेतली, गणिताचे मार्क पाहिले. म्हणाले, शिपायाच्या जागा आज भरल्या, तीन महिन्यांनी पुन्हा भरती आहे, तेव्हा ये. एवढंच. पाठीवर थाप नाही, शाबासकी नाही. त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं घडी घालून बनियनच्या आत ठेवला आणि मैदानाबाहेर चालायला लागला.

मी मेडिकलच्या रांगेत बसलेलो. माझ्या डोक्यात एकच विचार, पाटलाच्या आळीतलं पोरगं लोकांची उष्टी ताटं उचलणार? गावात कळलं तर? सोयरे काय म्हणतील? लघवीला जातो म्हणून उठलो आणि मागच्या कुंपणातून बाहेर पडलो. मार्कशीट तिथंच राहिली.

टेसनावर तो भेटला. मला बघून म्हणाला, "तू कामून आलास? तुझं तर झाल्तं." मी म्हणलं, "छातीत नापास केलं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. छाती मोजताना तो माझ्या मागंच उभा होता. काही बोलला नाही. शेंगदाण्याची पुडी पुढं केली.

गावात मी तेच सांगितलं, छाती भरली नाही. लोकांनी कीव केली. वडील मनातून खूश झाले. पुढं शिक्षणाची गरज पडली तेव्हा मार्कशीट पुरात गेली असं सांगून बोर्डाकडून दुसरी प्रत काढली. एका खोट्याला दुसरं असं टेकू देत गेलो.

आणि तो? त्याला नाही म्हणायची किंमत द्यावी लागली. ज्वारीची काढणी सुरू झाली होती. ते तीन महिने तो आमच्याच रानात रोजानं आला. मी बांधावर, तो विळा घेऊन पातीत. वस्तीतले लोक त्याला हसायचे, हातची सरकारी नोकरी सोडून आला म्हणून. त्याची माय मात्र हसली नाही. तिला मी एकदा विचारलं, "मावशे, काम तर मिळालं आस्तं की." ती म्हणाली, "झाडूसाठी एवढ्या लांब कशाला जायचं, बाबा? त्यो तर हितंबी व्हता." तिच्या सासऱ्यानं गावाची चावडी झाडली होती, मेलेली ढोरं ओढली होती. बाबासाहेबांचा शब्द ऐकून १९५६ नंतर त्यांच्या घरानं ते सोडलं. सोडल्यावर किती वर्षं हाल काढले ते तिला ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये तो पुन्हा गेला. मला विचारलं, मी खळ्याचं काम सांगून टाळलं. आठ दिवसांनी मध्य प्रदेशातल्या सागरहून पोस्टकार्ड आलं. महार रेजिमेंटच्या सेंटरला पोचला होता. शिपाई म्हणून.

सव्वीस वर्षं नोकरी करून, नायब सुभेदार होऊन २००५ साली तो गावी आला. रस्त्याच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. गेली वीस वर्षं गावातली सगळ्या आळ्यांची पोरं पहाटे त्याच्या शिट्टीवर पळतात.

एकदा मी त्याला विचारलं होतं, सफाईचं काम इतकं हलकं वाटलं का तुला? तो म्हणाला, "न्हाई रे. बर्फात चौकीवर व्हतो तव्हा स्वयंपाक्यानं रात्री दोनला उठून चहा दिल्ता, म्हून हातपाय हालले. सफाईवाला आला न्हाई तर तीन दिवसांत आख्खी कंपनी आजारी पडती. काम हलकं नव्हतं. मला इचारून दिलं आस्तं तर कदाचित घेतलंबी आस्तं. त्यानं दाखला पाहून दिलं. म्हून कागद वापस मागितला."

त्या दिवशी मला माझी चूक कळली. इतकी वर्षं मी मनात म्हणायचो, तू झाडू नाकारला, मी ताट नाकारलं, फरक काय? फरक असा की तो टेबलापुढं नाही म्हणाला आणि मी कुंपणातून पळालो. त्यानं जे नाकारलं ते त्याच्या बापजाद्यांच्या गळ्यात जबरदस्तीनं बांधलेलं होतं. मी जे नाकारलं ते माझ्या बापजाद्यांनी कधी केलं नव्हतं, दुसऱ्याकडून करून घेतलं होतं. वीस एकराचं घोडं असून मी बारगीर निघालो. त्याच्याजवळ एक मार्कशीट होती, आणि त्याला माहीत होतं की ती आपल्या हातात आहे तोवर आपण वापस जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन सुभेदाराकडं गेलो. आता काळ बदलला. टेबलापुढं बोलायची सोय राहिली नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम होतात, बाकीचे साधारण पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी. पेन्शन नाही. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. जनरल ड्यूटीला दहावीत पंचेचाळीस टक्के आणि आपल्याकडच्या पोरांना १६८ सेंटीमीटर उंची. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळालं तर पूर्ण ६० गुण. क्लार्कला बारावीत साठ टक्के. टेक्निकलला सायन्स. ट्रेड्समनमध्ये स्वयंपाकी, न्हावी, धोबी ही सगळी कामं, सफाईच्या कामाला आता हाउसकीपर म्हणतात. म्हणजे जे काय मागायचं ते फॉर्मच्या खान्यातच मागायचं. तिथं काय बी टाकलं तर पुढं कुणी विचारणार नाही.

सुभेदारानं चष्मा लावला. पोराला म्हणाला, "तुला कोणतं काम येतं ते सांग." पोरगं म्हणालं, टायपिंग येतं, हिशेब येतो, पळतो. "कोणतं काम नकोय?" पोरगं घुटमळलं. "लाजू नको. नकोय म्हणणं गुन्हा न्हाई. कामून नकोय ते मात्र स्वतःला इचार." मग तिसरा प्रश्न. "समजा, पाहिजे ते न्हाई मिळालं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील?"

पोराला उत्तर येईना. सुभेदार म्हणाला, "हे आधी ठरव. रानात जाशील, आयटीआयला जाशील, पुन्हा परीक्षा देशील, काय बी कर. पण ठरवून ठेव. ज्याला वापस जायची वाट ठावं नसती, तो टेबलापुढं बोलू शकत न्हाई. चार वर्षांनी त्येच तुला वापस पाठवतील, तव्हाबी हाच प्रश्न हाय."

मग पोरगं माझ्याकडं वळलं. "आबा, तुमची छाती भरली नव्हती ना तव्हा?"

सुभेदार चष्मा पुसायला लागला. सेहेचाळीस वर्षं ह्या माणसानं माझं खोटं सांभाळलं होतं, त्याही वेळी तो सांभाळायला तयार होता.

"भरली व्हती," मी म्हणलं. "चांगली पाच सेंटीमीटर फुगली व्हती. मेस वेटर दिलं म्हून मी पळून आलो. माझा कागद तिथंच पडला."

पोरगं हसलं नाही. सुभेदारही बोलला नाही. आतून त्याच्या सुनंनं चहा आणला, तो आम्ही तिघांनी घेतला. मग पोरानं मोबाईल काढला आणि पहिल्या खान्यात क्लार्क, दुसऱ्या खान्यात जनरल ड्यूटी टाकलं. पाठवायच्या आधी त्यानं ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं.